विश्रामबाग ते शामरावनगर : सांगलीच्या वसाहती कशा वाढल्या

कृष्णाकाठ

सांगलीविषयीचे बरेचसे लेखन गणपती मंदिर, नाट्यपंढरी आणि हळद यांच्यापाशी येऊन थांबते. शहरातील बहुसंख्य लोक आज ज्या भागांत राहतात, त्या विश्रामबाग, विजयनगर, शामरावनगर, कुपवाड या वसाहती कशा उभ्या राहिल्या, याची मांडणी मात्र क्वचितच होते. ती व्हावी या इच्छेने हा धागा काढत आहे. माझे म्हणणे आधीच सांगतो. सांगलीतील कोणत्याही वसाहतीचे नशीब घरे बांधताना ठरलेले नाही, तर शेताचे प्लॉट पडले त्या वेळी ठरलेले आहे. नाला कुठून जाऊ दिला, रस्ता किती फुटांचा सोडला आणि जमीन कोणत्या कागदावर विकली गेली, एवढ्यावर पुढच्या दोन पिढ्यांचे राहणे अवलंबून राहिले.

१८०१ मध्ये पहिले चिंतामणराव उर्फ अप्पासाहेब पटवर्धन मिरजेपासून वेगळे झाले आणि त्यांनी सांगली ही आपल्या संस्थानाची राजधानी केली. गणेशदुर्ग, काळ्या दगडातील गणपती मंदिर आणि त्यांच्या आसपासच्या पेठा कृष्णा नदीला धरून वसल्या. गावभाग, खणभाग, गणपती पेठ, कापडपेठ, हरभट रोड हा सगळा पसारा पायी फिरता येईल एवढाच होता. १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला आणि सांगलवाडीमार्गे पश्चिमेकडची वाट बारमाही झाली. तरीही शहर पुलापलीकडे फारसे गेले नाही, ते उलट पूर्वेकडे, म्हणजे नदीपासून दूर, मिरजेच्या दिशेने सरकत राहिले.

याला एक ठळक कारण आहे. मिरज हे रेल्वेचे जंक्शन होते आणि सांगली-मिरज रस्ता हा या जुळ्या शहरांचा कणा होता. १९१९ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीने विलिंग्डन महाविद्यालय काढले, तेव्हा त्यासाठी सांगली गाव किंवा मिरज गाव न निवडता दोन्हींच्या मधली मोकळी जागा निवडली. माझ्या मते आधुनिक सांगलीच्या नकाशावरची ही पहिली मोठी खूण होय, कारण महाविद्यालय आले की प्राध्यापक येतात, वसतिगृहे येतात, खानावळी येतात आणि हळूहळू त्यांच्यासाठी घरेही बांधली जातात. १९४७ मध्ये त्याच परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले, जे पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा अस्तित्वात आला आणि सांगली हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. १९६० मध्ये जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळाले. जिल्ह्याचे ठिकाण झाले म्हणजे कचेऱ्या आल्या, आणि कचेऱ्यांबरोबर बदलीवर आलेले व पुढे इथेच राहून गेलेले शेकडो नोकरदार आले. गावभागातील वाड्यांत त्यांना एक-दोन खोल्या भाड्याने मिळत, परंतु स्वतःचे घर बांधायला जागा नव्हती. ती जागा विश्रामबागेत होती.

विश्रामबाग परिसराचा मोठा भाग सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आणि मंजूर रेखांकनांच्या आधाराने वाढला. बिगरशेती परवाना घेऊन, रस्ते आखून, खुली जागा सोडून मगच प्लॉट पडले. म्हणून तिथले रस्ते आजही सरळ आहेत आणि दोन मोटारी समोरासमोर आल्या तरी निघून जातात. नेमक्या त्याच काळात आणि त्याच्या नंतर कोल्हापूर रोड आणि शंभर फुटी रस्ता यांच्या मधल्या सखल काळ्या रानात दुसरीच सांगली वसत होती. तिथे रेखांकन नव्हते, गुंठेवारी होती, म्हणजे शेतजमीन मंजुरीशिवाय एक-दोन गुंठ्यांचे तुकडे तोडून विकली जात होती. या दोन भागांतला फरक उत्पन्नाचा आहेच, परंतु त्याहून अधिक तो जमीन कशी तोडली गेली याचा आहे.

या भागांत राहणाऱ्यांनी, जुन्या माणसांकडून ऐकलेल्यांनी आणि कागदपत्रांशी संबंध आलेल्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

वाड्यातला

अतिशय आवश्यक विषय. गावभागाविषयी थोडी भर घालतो, कारण नव्या वसाहती समजून घ्यायच्या तर जुन्या गावाचा पाण्याशी असलेला व्यवहार आधी समजला पाहिजे.

आमच्याकडच्या जुन्या वाड्यांची जोती उंच असत. धान्याची पोती आणि अंथरुणे माडीवर ठेवण्याची रीत होती, आणि पावसाळ्यापूर्वी तळघरातील वस्तू वर नेणे हे घरातील स्त्रियांचे ठरलेले काम असे. पूर ही घटना न मानता तो एक ऋतूच मानला जाई. याचा अर्थ जुने लोक फार दूरदर्शी होते असा मी काढणार नाही. नदीच्या लगत राहायचे होते, म्हणून त्यांना ही शिस्त पाळावी लागत होती. महत्त्वाचे हे की, जी जमीन सर्वांत आधी पाण्याखाली जाते तिथे त्यांनी वस्ती केली नव्हती. तिथे मळे होते, पोयट्याची माती होती, वीटभट्ट्या होत्या.

आज पूर येऊ लागला की बातमीत पहिली नावे कोणती येतात, ते आपण सर्व जण जाणतो. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रोड, दत्तनगर, मगरमच्छ कॉलनी. ही सर्व नावे जुन्या पेठांची नसून नव्या वसाहतींची आहेत. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरली जाते. २००५ मध्ये पाणी ५३ फुटांच्या वर गेले, २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ मध्ये पुन्हा ५४ फुटांच्या पुढे गेले. ५७ फुटांना जुन्या गावातील उंच जोतीही पुरली नाहीत, मारुती चौक आणि टिळक चौक पाण्यात होते, हे खरे आहे. परंतु ४५ फुटांच्या आतच ज्यांच्या दारात पाणी येते, त्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे अतिवृष्टीपेक्षा जागेच्या निवडीचा भाग मोठा आहे.

हरिपूरच्या पेवांचाही इथे उल्लेख करावासा वाटतो. जमिनीत खोल खणलेल्या या कोठारांत हळद वर्षानुवर्षे सुरक्षित राहत असे. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरले आणि ती व्यवस्था जवळजवळ संपुष्टात आली.

शामरावनगरवासी

मूळ लेखातील "दुसरी सांगली" म्हणजे आमची. तिच्याविषयी बाहेरून बरेच बोलले जाते, म्हणून आतून लिहितो.

आमच्या गल्लीत घर बांधणारे लोक कोण होते, हे आधी सांगितले पाहिजे. मार्केट यार्डातील हमाल आणि दिवाणजी, कुपवाडच्या कारखान्यांतील कामगार, रिक्षाचालक, गवंडी, जत आणि कवठेमहांकाळकडून दुष्काळामुळे आलेली कुटुंबे आणि काही शाळाशिक्षकही. विश्रामबागेतील मंजूर प्लॉट यांतल्या कुणालाही परवडत नव्हता. पगारपत्रक नसल्याने बँकेचे कर्ज मिळत नव्हते. अशा वेळी शेतकरी एक गुंठा, दीड गुंठा तोडून देत होता, रक्कम हप्त्याने घेत होता आणि मुद्रांकावर लिहून देत होता. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. भाड्याच्या एका खोलीत सहा माणसे राहणाऱ्याला एवढी स्वतःची जागा म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना करावी. आम्ही नियम मोडायला म्हणून तिथे गेलो नव्हतो. परवडणारी दुसरी जागा शहराने आमच्यासाठी ठेवलेली नव्हती.

आमची गल्ली मध्येच काटकोनात वळते आणि पुन्हा वळते. नवा माणूस विचारतो की असे का. तिथे उसाच्या शेताचा बांध होता आणि बांध जिकडे वळला तिकडे रस्ता वळला, एवढेच त्याचे कारण आहे. दहा-बारा फुटांच्या त्या रस्त्यावर अग्निशामक दलाची गाडी येत नाही, आणि आजारी माणसाला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत न्यावे लागते.

जमीन काळी आणि सखल. पाऊस लागला की पाणी जिरत नाही आणि वाहूनही जात नाही. मग दरवर्षी मुरूम टाकायचा. आमच्या शेजारचे घर गल्लीतील सर्वांत जुने आहे. ते बांधले तेव्हा दारात तीन पायऱ्या चढून आत जावे लागे. मुरूम, त्यावर खडी, त्यावर डांबर असे थरावर थर पडत गेले आणि रस्ता वर येत गेला. पहिली पायरी गेली, मग दुसरी गेली, मग तिसरी गेली. आज त्या घरात जाताना रस्त्यावरून दोन पायऱ्या उतरावे लागते, आणि उंबऱ्यावर विटांचा वीतभर बांध घातलेला आहे. त्यानंतर बांधलेल्या प्रत्येक घराने आपले जोते शेजाऱ्यापेक्षा थोडे उंच घेतले, त्यामुळे नव्याचे पाणी जुन्याच्या अंगणात जाते. यावरून होणारी भांडणे पाहिली आहेत. दोन्ही बाजूंची माणसे भली असतात, हे विशेष.

२०१९ मध्ये नदीचे पाणी आले ते सर्वांनी पाहिले. परंतु पूर नसलेल्या वर्षीही नुसत्या पावसाच्या पाण्यात आमचे लोक आठवडाभर राहतात, ते फारसे कुणाला दिसत नाही.

मोजणीदार

माझी नोकरी जमिनीच्या कागदांत गेली आहे, म्हणून मूळ लेखातील एका मुद्द्यावर मतभेद नोंदवतो आणि काही तपशील देतो.

गुंठेवारी म्हणजे सखल जमीन, असे समीकरण करू नये. कुपवाडकडची बरीच गुंठेवारी माळावर, मुरमाड जमिनीवर आहे. तिथे पुराचे पाणी येण्याचा प्रश्नच नाही. तिथले प्रश्न गटारांचे, अरुंद रस्त्यांचे, खुल्या जागेच्या अभावाचे आहेत. आणि उलट बाजूने पाहिले तर मंजूर रेखांकन असलेले प्लॉटही पूरपट्ट्यात आहेत. म्हणजे कागदाचा दोष आणि जमिनीचा दोष हे दोन स्वतंत्र दोष आहेत. शामरावनगरचे दुर्दैव असे की तिथे दोन्ही एकत्र आले.

गुंठेवारी का झाली, याचे कायदेशीर मूळ जुने आहे. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ मध्ये तुकडेबंदीचा कायदा झाला. हेतू शेतीच्या भल्याचा होता. परंतु शहराच्या कडेची शेती जेव्हा घरांसाठी हवी झाली, तेव्हा बिगरशेती परवाना, रेखांकनाची मंजुरी, रस्ते व गटारे करून देण्याची अट आणि सुमारे दहा टक्के खुली जागा सोडण्याचा नियम, हे सर्व पाळून विकण्यापेक्षा नुसते गुंठे तोडून विकणे शेतकऱ्याला आणि मधल्या दलालाला सोपे व फायद्याचे होते. सोडायची जागा सोडली नाही की तीही विकता येते. गुंठेवारीचे सगळे अर्थकारण या एका वाक्यात आहे.

कागद कसा दिसतो तेही सांगतो. एकाच गट नंबरच्या सातबारावर पंचवीस-तीस नावे, प्रत्येकासमोर एक गुंठा, दीड गुंठा, दोन गुंठे असे क्षेत्र आणि हद्द कुणाचीच नाही. जमिनीवर भिंती उभ्या आहेत, पण नकाशात तो एकच अखंड तुकडा आहे. पुष्कळांची नावे तर सातबारावरही लागली नाहीत. त्यांच्या हातात केवळ साठेखत, म्हणजे पुढे विक्री करून देण्याचा करार, किंवा कुलमुखत्यारपत्र राहिले. मूळ मालक वारल्यावर वारसांची नावे लागली आणि घर बांधून पंचवीस वर्षे झालेल्या माणसाला वारसांच्या सहीसाठी फिरावे लागले, अशी प्रकरणे मी स्वतः हाताळली आहेत.

यावर राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी विकास अधिनियम आणला. १ जानेवारी २००१ पूर्वीचे भूखंड आणि बांधकामे प्रशमन शुल्क (नियमभंग मिटवण्यासाठीची रक्कम) व विकास शुल्क भरून नियमित करता येऊ लागली. २०२१ मध्ये ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवण्यात आली. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका झाली ती ९ फेब्रुवारी १९९८ रोजी, म्हणजे जी महापालिका हे प्रश्न सोडवायला बसली, ती जन्मली तेव्हा बहुतेक गुंठेवारी होऊन गेलेली होती. नियमितीकरणाने मालकाला प्रमाणपत्र मिळते, बांधकाम परवाना व कर्ज मिळण्याची वाट मोकळी होते आणि हा दिलासा फार मोठा आहे. परंतु बारा फुटांचा रस्ता प्रमाणपत्राने तीस फुटांचा होत नाही, बुजलेला नाला पुन्हा उघडत नाही.

कृष्णाकाठ

@मोजणीदार, कागदाचा दोष आणि जमिनीचा दोष ही आपण केलेली विभागणी मला पटली आणि पुढच्या चर्चेसाठी तीच धरून चालू. @शामरावनगरवासी, पायऱ्यांविषयी आपण लिहिले ते वाचून फार वेळ विचार करत बसलो. शहराच्या इतिहासात हे नोंदले गेले पाहिजे.

विश्रामबागेविषयी एक गोष्ट राहून गेली होती. ज्या खुल्या जागा रेखांकनात सोडल्या गेल्या, त्यांतील काही आज खरोखर खुल्या आहेत, तिथे मुले खेळतात, ज्येष्ठ नागरिक सकाळी फिरतात. काही ठिकाणी मात्र एखादे सभागृह, मग एखादी टपरी, मग एखादी शेड असे करत जागा भरत गेली. आणि आता बंगले पाडून तिथे पाच-सहा मजली इमारती होत आहेत. दोन कुटुंबांसाठी घातलेल्या जलवाहिनीवर आणि गटारावर वीस कुटुंबे येत आहेत. विजयनगरला जिल्हाधिकारी कार्यालय आणि न्यायालय गेल्यापासून वानलेसवाडीपर्यंतच्या पट्ट्यात जागेचे भाव आणि वाहतूक दोन्ही वाढली. गावातील व्यापारी कुटुंबेही २०१९ नंतर मोठ्या संख्येने पूर्वेकडे घर शोधू लागली, हे आपल्या ओळखीच्या प्रत्येकाच्या बाबतीत दिसते. दुकान हरभट रोडला आणि घर विश्रामबागेत, ही आता सांगलीची सर्वसामान्य राहणी झाली आहे.

पायाभरणी

काळ्या मातीविषयी स्थापत्याच्या अंगाने थोडक्यात. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, तिला भेगा पडतात. त्यावर उथळ पाया घातला तर दोन-तीन पावसाळ्यांत दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. उपाय ठाऊक आहेत : पाया काळी संपून मुरूम लागेपर्यंत नेणे, खांब आणि जोत्याच्या पातळीवर तुळ्या घेणे, किंवा तळाशी फुगीर असलेले खास पाइल घेणे. तिन्ही उपायांना पैसे लागतात. गुंठेवारीतील घर बहुधा एकेक खोली करत बांधलेले असते आणि पाया पहिल्या खोलीच्या ऐपतीचा असतो. वर मजला चढतो तेव्हा भार मात्र दुप्पट होतो.

निचऱ्याचेही तसेच आहे. नदी वर असताना नाल्यांची मुखे पाण्याखाली जातात, नाला नदीत न रिकामा होता उलटा भरू लागतो. त्यामुळे पुराच्या वेळी आतील पावसाचे पाणी बाहेर काढायला पंपाशिवाय मार्ग उरत नाही. परंतु हे केवळ पुराच्या वेळचे आहे. एरवीच्या पावसात पाणी साचते, ते नाल्याच्या वाटेवर भिंती आल्यामुळे, आणि त्याला नदी जबाबदार नाही.

नवीन घर

सर्वांचे लेखन फार उपयुक्त वाटले. आम्ही पती-पत्नी नोकरीनिमित्त कोल्हापूरहून सांगलीत आलो आहोत आणि जुने घर घेण्याच्या विचारात आहोत. शंभर फुटी रस्त्याच्या दक्षिणेला एक घर पसंत आहे. किंमत आवाक्यात आहे, गुंठेवारी प्रमाणपत्र आहे असे विक्रेते सांगतात. काय काय पाहावे?

मोजणीदार

@नवीन घर, प्रमाणपत्र आहे असे सांगितले तर त्याची प्रत मागून घ्यावी आणि त्यावरील नाव, गट नंबर व क्षेत्र सातबाराशी किंवा मालमत्ता पत्रकाशी जुळते का ते पाहावे. प्रमाणपत्राला जोडलेला नकाशा सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण रस्तारुंदीसाठी प्लॉटचा किती भाग सोडायचा आहे ते त्यावर दाखवलेले असते. पुष्कळदा तेवढ्याच भागात पुढची खोली बांधलेली असते. गेल्या तीस वर्षांचे फेरफार, म्हणजे मालकी बदलाच्या नोंदी, तलाठी कार्यालयातून काढावेत आणि मूळ मालकाच्या वारसांपैकी कुणी बाकी राहिले आहे का हे वकिलाकडून तपासून घ्यावे. पाटबंधारे विभागाने आखलेल्या पूररेषांचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात पाहता येतो. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती लाल. घर निळ्या रेषेच्या आत असेल तर पुढे बांधकामाची परवानगी मिळणार नाही, हे धरून चालावे.

शामरावनगरवासी

कागदांचे मोजणीदारांनी सांगितले आहेच. मी एवढेच सांगेन की व्यवहार जुलै-ऑगस्टपर्यंत थांबवता आला तर थांबवावा. दोन-तीन दिवस पाऊस लागून राहिला की त्या गल्लीत चालत यावे. रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर आहे की खाली, ते पाहावे. शेजारच्या घरी जाऊन २०१९ मध्ये पाणी कुठवर होते ते विचारावे. आमच्याकडे कुणी खोटे सांगत नाही, उलट भिंतीवर हात ठेवून दाखवतात. आणि घर घेतलेच, तर आधी गल्लीतील नाल्याची समिती आहे तिची वर्गणी भरावी. दर मे महिन्यात आम्ही सर्व मिळून चरी साफ करतो, तेव्हा नव्या माणसाचे स्वागतच होईल.